नंबर पोर्ट करायचा की थोडं थांबायचं? ठाणे-नवी मुंबईत नव्याने राहायला आलेल्यांसाठी

नव्या घरात सामान लागतं, दूधवाला ठरतो, वॉचमनला आपलं नाव पाठ होतं, आणि मग लक्षात येतं की बेडरूममध्ये फोन लागतच नाही. पुण्यात, नाशिकला, साताऱ्याला ज्या कंपनीची रेंज भरभरून होती, तिच्याच सिमवर इथे बोलायचं तर खिडकीपाशी जाऊन उभं राहावं लागतं. शेजारचे काका सांगतात, ‘इथे अमुकच कंपनी चालते, पोर्ट करून टाका.’ कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केला तर उत्तर येतं, ‘आपल्या भागात नेटवर्क अपग्रेडचं काम सुरू आहे, कृपया वाट पाहा.’

दोन्ही सल्ले ऐकून ठेवा, पण त्यावर लगेच निर्णय घेऊ नका. काकांचा फ्लॅट कदाचित इमारतीच्या दुसऱ्या तोंडाला असेल, आणि ‘काम सुरू आहे’ या वाक्याला तारीख नसेल तर त्यातून तुमच्या हाती काहीच लागत नाही. मी घोडबंदर रोडला राहतो आणि आमच्या संकुलात नव्याने येणाऱ्या कुटुंबांना या बाबतीत मदत करतो. माझं मत ठाम आहे: हा निर्णय कंपनीच्या नावावरून करायचा नसतो, तुमचा दिवस ज्या पाच-सहा जागी जातो त्या जागांवरून करायचा असतो. त्या जागा तपासायला महिनाभर द्या. एकदा पोर्ट केलं की पुढचे ९० दिवस पुन्हा पोर्ट करता येत नाही, त्यामुळे चुकीच्या कंपनीत गेलात तर तीन महिने बँकेच्या ओटीपीपासून मुलांच्या शाळेच्या फोनपर्यंत सगळं अडून बसतं.

सर्कल बदललं म्हणून नंबर बदलायची गरज नाही

मोबाइल सेवेसाठी देशाचे जे विभाग पाडलेत त्यांना सर्कल म्हणतात. त्या नकाशात ठाणे आणि नवी मुंबई ‘मुंबई’ सर्कलमध्ये येतात. पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर हे सगळं ‘महाराष्ट्र आणि गोवा’ सर्कलमध्ये. तुम्ही तिकडून आला असाल तर तुमचं सिम इथे रोमिंगवर चालतं. नेहमीच्या पॅकमध्ये देशांतर्गत रोमिंगचे वेगळे पैसे आता लागत नाहीत, त्यामुळे केवळ राहायची जागा बदलली म्हणून पोर्ट करण्याचं कारण नाही.

पण सर्कलचा एक परिणाम लक्षात ठेवा. स्पेक्ट्रमचा, म्हणजे हवेतल्या लहरींचा, लिलाव सर्कलनिहाय होतो. एखाद्या कंपनीकडे महाराष्ट्र सर्कलमध्ये भरपूर स्पेक्ट्रम असेल आणि मुंबईत कमी, किंवा नेमकं उलट. म्हणून ‘गावाकडे हीच कंपनी मस्त चालायची’ हा अनुभव इथे पुरावा म्हणून चालत नाही.

आधी दोष शोधा: फोनचा, घराचा की नेटवर्कचा?

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि मग पोर्ट करूनही त्रास तसाच राहतो.

फोनपासून सुरुवात करा. तुमचं सिम घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये घालून त्याच खोलीत फोन लावून पाहा. तिथे नीट चाललं तर दोष तुमच्या फोनचा आहे. मग सिमचा स्लॉट बदला, सेटिंगमध्ये नेटवर्कचा प्रकार ‘५जी/४जी ऑटो’ वर आहे का ते बघा, आणि व्होल्ट (VoLTE) चालू आहे याची खात्री करा. व्होल्ट म्हणजे ४जीवरूनच होणारा कॉल. जिओचं २जी-३जी नेटवर्क मुळातच नाही, त्यामुळे व्होल्ट बंद असेल तर त्यांच्या सिमवर साधा कॉलही लागत नाही. फार जुनं, ३जीच्या काळातलं सिम वापरत असाल तर कंपनीच्या सेवा-दालनात, म्हणजे गॅलरीत, जाऊन ते बदलून घ्या.

केवळ ५जीसाठी कंपनी बदलायची असेल तर फोनचा खोका किंवा कंपनीचं संकेतस्थळ काढून त्याचे बँड, म्हणजे तो कुठकुठल्या लहरींवर चालतो ते, वाचा. जिओचं ५जी ‘स्टँडअलोन’ प्रकारचं आहे, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणारं. फोनला तो प्रकार आणि त्यांचे बँड, विशेषतः ७०० मेगाहर्ट्झचा एन२८ आणि ३३०० मेगाहर्ट्झचा एन७८, चालले पाहिजेत. एअरटेलने सुरुवात ४जीच्या आधारावरच्या ५जीने केली. ५जीचे सुरुवातीचे काही फोन आणि परदेशातून आणलेले फोन इथे अडतात. फोन ४जीचाच असेल तर ५जीसाठी कंपनी बदलण्यात काही अर्थ नाही. तेव्हा आधी फोन बदलायचा की नाही ते ठरवा.

आता घर. ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या नव्या टॉवरांमध्ये विटांच्या भिंती कमी झाल्यात. ‘मायवान’ पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून, भिंतीसकट सगळा मजला उभा केला जातो. आतल्या भिंतीसुद्धा सळईच्या काँक्रीटच्या. वर खिडकीला उन्हासाठी लेप दिलेली काच. बाहेर बाल्कनीत उत्तम रेंज आणि आत दोन भिंती ओलांडल्या की काही नाही, असं होतं ते यामुळे. नौपाड्यातल्या किंवा वाशीच्या जुन्या सेक्टरांतल्या विटांच्या इमारतींमध्ये हा त्रास तुलनेने कमी असतो.

मजल्याचंही तसंच. टॉवरवरचे अँटेना रस्त्याकडे आणि खालच्या वस्तीकडे किंचित झुकवलेले असतात. तिसाव्या मजल्यावर फोनला चहूबाजूंचे लांबलांबचे टॉवर दिसतात, पण एकही नीट हाती लागत नाही. रेषा भरलेल्या दिसतात, तरी आवाज तुटतो. खाडीच्या कडेला, कोलशेत-बाळकुमला किंवा ऐरोलीच्या खाडीकाठच्या सेक्टरांत, मोकळ्या पाण्यावरून सिग्नल लांब जातो आणि फोन कधीकधी पलीकडच्या काठावरच्या टॉवरला धरून बसतो. उलट मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळच्या येऊरकडच्या अंगाला जंगल आहे. त्या बाजूला वस्ती नाही, म्हणून टॉवरही विरळ. पारसिकच्या डोंगराला टेकून असलेल्या बेलापूर-घणसोलीच्या इमारतींत डोंगराकडचा आणि रस्त्याकडचा फ्लॅट यांत असाच फरक पडतो.

दोष घराचा असेल आणि घरात वाय-फाय असेल तर पोर्टचा विचार करण्याआधी वाय-फाय कॉलिंग सुरू करा. जिओ, एअरटेल, व्ही (व्होडाफोन-आयडिया) तिन्हींकडे ही सोय आहे आणि वेगळे पैसे पडत नाहीत. फोनच्या सेटिंगमध्ये सिमकार्डाच्या पानावर ‘वाय-फाय कॉलिंग’ असं बटण असतं. ते चालू केलं की घरातले कॉल ब्रॉडबँडवरून जातात, समोरच्याला काही फरक कळत नाही. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच घरांचा प्रश्न एवढ्यावर मिटला. वीज गेली की राउटर बंद पडतो, म्हणून राउटरला छोटा यूपीएस लावून घ्या.

इथेच एक कळकळीची सूचना. बाजारात आणि ऑनलाइन ‘सिग्नल बूस्टर’ मिळतात. परवानगीशिवाय असा बूस्टर बसवणं बेकायदा आहे, आणि तो आसपासच्या पन्नास घरांचं नेटवर्क बिघडवतो. तुमच्या इमारतीत अचानक सगळ्यांचे कॉल तुटायला लागले असतील तर कुणी बूस्टर बसवला आहे का, हे सोसायटीने विचारायला हवं.

तुमच्या जागांची यादी करा आणि मोजा

दोष फोनचा नाही, घराचाही पूर्ण नाही, असं वाटलं की मोजणीला लागा. कागदावर तुमच्या दिवसातल्या जागा लिहा: झोपायची खोली, स्वयंपाकघर, घरून काम करत असाल तर टेबल, मुलांची शाळा, स्टेशनचा फलाट, ऑफिसमधली खुर्ची. घरातल्या वयस्कर माणसांची खोली या यादीत सर्वात वर ठेवा, कारण त्यांना खिडकी शोधत फिरायला लावणं बरं नाही.

फोनवरच्या रेषांवर विसंबू नका. किती सिग्नलला किती रेषा दाखवायच्या हे प्रत्येक फोन कंपनी आपल्या मनाने ठरवते. खरा आकडा डीबीएम या सिग्नलच्या मापात असतो. अँड्रॉइडमध्ये सेटिंग, मग ‘अबाउट फोन’, मग ‘सिम स्टेटस’ इथे ‘सिग्नल स्ट्रेंग्थ’ सापडतो, काही फोनमध्ये नावं थोडी वेगळी असतात. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की तपासणीचं पान उघडतं. आकडा ऋण असतो. ४जीवर उणे ९० किंवा त्याहून शून्याच्या जवळ असेल तर छान. उणे १०५ च्या आसपास काम भागतं, उणे ११५ च्या पुढे कॉल तुटायला लागतात.

आकडा चांगला आणि तरी नेट रखडतंय, असं असेल तर टॉवरवर गर्दी आहे. ती तपासायची वेळ म्हणजे रात्री साडेआठ ते साडेदहा. संपूर्ण संकुल तेव्हा घरी असतं आणि प्रत्येक खोलीत काहीतरी चालू असतं. दुपारी तीनला केलेली वेगचाचणी फसवते. चाचणीसाठी ट्रायचं, म्हणजे दूरसंचार नियामकाचं, ‘मायस्पीड’ ॲप वापरता येईल. वेग कितीही आला तरी माझ्या मते साध्या वापराला ८-१० एमबीपीएस पुरतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे व्हिडिओ कॉल दहा मिनिटं न अडखळता चालतो का.

प्रवासाबद्दल थोडं सबुरीने घ्या. ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बरवर किंवा पारसिकच्या बोगद्यात, लिफ्टमध्ये, दुसऱ्या तळघरातल्या पार्किंगमध्ये कुठलंच सिम धड चालत नाही. अशा जागांवरून कंपनी ठरवू नका. स्टेशनवर मात्र तपासा, विशेषतः सकाळी गर्दीच्या वेळी. ठाण्याच्या फलाटावर यूपीआय किंवा तिकिटाचं ॲप उघडत नसेल तर तो त्रास रोजचा आहे. उलवे, तळोजा, खारघरच्या टोकाचे नवे सेक्टर अशा वाढत्या भागांत राहात असाल तर बेलापूर-पेंधर मेट्रोच्या किंवा उरण लाइनच्या स्टेशनपासून घरापर्यंतचा रस्ताही यादीत घाला. रात्री उशिरा रिक्षा शोधताना तिथे नेटची गरज पडते.

ट्रायच्या नव्या गुणवत्ता नियमांनुसार, जे १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले, प्रत्येक कंपनीला २जी, ४जी, ५जी कुठे पोहोचतं याचा नकाशा आपल्या संकेतस्थळावर द्यावा लागतो. तो नकाशा उघडून आपली इमारत शोधा. नकाशातला रंग रस्त्यावरची स्थिती सांगतो, तुमच्या स्वयंपाकघरातली नाही, पण नकाशातच रंग नसेल तर ती कंपनी यादीतून लगेच काढून टाकता येते. दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ या पोर्टलवर आसपासचे टॉवर आणि ते कुठल्या कंपनीचे आहेत हेही पाहता येतं.

पोर्ट करण्याआधी दुसरं सिम एक महिना वापरा

सगळ्या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. ज्या कंपनीत जायचा विचार आहे तिचं नवं प्रीपेड सिम घ्या आणि फोनच्या दुसऱ्या स्लॉटमध्ये घाला. ई-सिम चालत असेल तर आणखी सोपं. जुना नंबर जिथल्या तिथे राहतो, आणि तुमच्या यादीतल्या प्रत्येक जागी दोन्ही सिमचे आकडे शेजारी-शेजारी दिसतात. २०२४ च्या जुलैमधल्या दरवाढीनंतर महिन्याचा सर्वात लहान नेहमीचा पॅकही दोनशे रुपयांच्या घरात गेला. तरी तीन महिने चुकीच्या जागी अडकण्यापेक्षा हा खर्च मी स्वस्त मानतो.

आठवडाभर डेटा नव्या सिमवर ठेवा, पुढच्या आठवड्यात जुन्या सिमवर. कॉलही दोन्हींवरून करा. एकाच वेळी एकाच जागेवरून तुलना करा, कारण पावसाळ्यातली संध्याकाळ आणि कोरडी सकाळ यांचे आकडे एकमेकांशी ताडून काही कळत नाही.

सिम गॅलरीतून किंवा कंपनीच्या अधिकृत दुकानातूनच घ्या. स्टेशनबाहेर छत्री लावून बसणाऱ्यांकडे काम पटकन होतं खरं, पण अंगठा ‘नीट उमटला नाही’ म्हणून पुन्हा घेतला गेला तर त्या दुसऱ्या ठशावर आणखी एखादं सिम तुमच्या नावे निघू शकतं. कुठूनही घेतलं असलं तरी त्यानंतर ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर जाऊन तुमच्या नावावर किती नंबर चालू आहेत ते बघा. आपल्याकडे एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त ९ सिम असू शकतात. यादीत अनोळखी नंबर दिसला तर तिथेच तक्रार नोंदवता येते.

काही वेळा या महिन्यात असं दिसतं की नवी कंपनी घरात चांगली आणि जुनी ऑफिसात. मग पोर्ट न करता दोन्ही ठेवणं हेच उत्तर असू शकतं. ट्रायने २०२४ च्या डिसेंबरमध्ये केलेल्या बदलानंतर कंपन्यांना डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅकही द्यावे लागतात, त्यामुळे बँकेचा नंबर जिवंत ठेवायला डेटाचा मोठा पॅक मारायची गरज नाही.

कंपनी म्हणते अपग्रेड येतंय. किती थांबायचं?

अपग्रेडचे प्रकार वेगवेगळे असतात. जवळच्या टॉवरवर नवं उपकरण चढणं हे काही आठवड्यांचं काम. नवा टॉवर उभा राहणं महिन्यांचं, आणि त्यात सोसायटीची परवानगी, गच्चीचं भाडं, रहिवाशांचा विरोध या सगळ्या गोष्टी आल्या. मोठ्या संकुलात इमारतीच्या आत केबल आणि छोटे अँटेना बसवण्याची व्यवस्था असते. ती बहुधा बिल्डर किंवा सोसायटी आणि एखादी कंपनी यांच्या करारावर चालते, म्हणूनच काही संकुलांत एकच कंपनी लिफ्टपर्यंत चालते आणि बाकीच्या गेटवर संपतात. याची चौकशी मदतकेंद्रात होत नाही. सोसायटीच्या सचिवांना विचारा: गच्चीवर कुणाचा अँटेना आहे, कुणाशी करार झाला आहे, कुणाचा अर्ज पडून आहे. पाच मिनिटांत जे कळेल ते तुम्हाला कुठल्याही जाहिरातीतून कळणार नाही.

कंपनीच्या पातळीवरच्या अपग्रेडची वाट किती लांबू शकते याचं उदाहरण आपल्या सर्कलमध्येच आहे. देशात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं आणि एअरटेल-जिओने त्याच महिन्यात मुंबईसह काही शहरांत सुरुवात केली. व्हीचं ५जी मुंबईत आलं २०२५ च्या मार्चमध्ये. ज्याला ५जीची निकड नव्हती आणि कॉल नीट चालत होते, त्याचं या अडीच वर्षांत काही बिघडलं नाही. ज्याचं काम मोबाइल डेटावर चालतं त्याने मात्र इतकं थांबायचं कारण नव्हतं. बीएसएनएलचंही तसंच. त्यांच्या स्वदेशी ४जीचं उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ ला झालं. दर कमी आहेत म्हणून तिकडे जायचा विचार असेल तर आपल्या भागात ४जीचा सिग्नल येतो का, हे दुसऱ्या सिमने तपासूनच जा.

तेव्हा तक्रार नोंदवा आणि तिला तारीख जोडा. १९८ हा कंपनीच्या तक्रार केंद्राचा क्रमांक, आपल्या सिमवरून लावायचा. ‘नेट चालत नाही’ एवढंच सांगू नका. ‘अमुक इमारत, सतरावा मजला, पूर्वेकडची खोली, रात्री नऊ ते दहा, सिग्नल उणे ११८, कॉल तुटतात’ असं सांगा. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या आणि जपून ठेवा. इंजिनिअरचा फोन आला तर थेट विचारा: काम कुठल्या टॉवरवर आहे, कधी पूर्ण होणार?

तक्रार न सुटताच बंद झाली किंवा उत्तर पटलं नाही, तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. पैसे लागत नाहीत, आणि निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे तिथे अर्ज करण्यात वेळ घालवू नका. एकट्याऐवजी इमारतीतल्या पाच-दहा घरांनी एकाच आठवड्यात तक्रारी केल्या तर त्याचा दाब वेगळा पडतो. आमच्याकडे तरी तसंच झालं.

मी लोकांना असं सांगतो. इंजिनिअरने ठरावीक काम आणि महिना-दीड महिन्याच्या आतली तारीख सांगितली असेल, किंवा गच्चीवर खरोखर काम दिसत असेल, तर थांबा. लांब मुदतीचा रिचार्ज अजून बराच शिल्लक असेल तरीही थांबा, कारण पोर्ट केलं की तो बुडतो. लीव्ह अँड लायसन्सचा करार दोन-तीन महिन्यांत संपत असेल आणि घर बदलायची शक्यता असेल, तरी थांबा. नव्या घरात सगळं गणित बदलेल. पण घरात आणि कामावर दोन्हीकडे कॉल तुटत असतील, त्याच खोलीत दुसरं सिम व्यवस्थित चालत असेल आणि दोन तक्रारी काही फरक न पडता बंद झाल्या असतील, तर पोर्ट करा. घरात आजारी किंवा एकटं राहणारं वयस्कर माणूस असेल तर दुसऱ्या तक्रारीचीही वाट पाहू नका.

पोर्ट करायचं ठरलं, आता क्रमाने

सुरुवात चालू पॅक संपायच्या आठवडाभर आधी करा. प्रीपेडची शिल्लक आणि उरलेले दिवस नव्या कंपनीत येत नाहीत. पोस्टपेड असाल तर आधी आलेलं बिल भरून टाका, थकबाकी असेल तर पोर्टसाठी लागणारा कोडच मिळत नाही. नंबर घेऊन किंवा मागच्या वेळी पोर्ट करून ९० दिवस झालेले असायला हवेत. आणि सिम हरवलं, खराब झालं म्हणून नुकतंच बदलून घेतलं असेल तर ७ दिवस थांबा. १ जुलै २०२४ पासून हा नियम आहे. चोराने तुमच्या नावे सिम काढून नंबर पळवू नये, यासाठी तो आला.

मग जो नंबर पोर्ट करायचा आहे त्याच सिमवरून १९०० वर एसएमएस पाठवा. इंग्रजी अक्षरांत ‘पोर्ट’, मग एक जागा सोडून तुमचा दहा अंकी नंबर. तुमच्या पॅकमध्ये एसएमएस नसले तरी हा एसएमएस जायला हवा, तसा ट्रायचा २०२१ चा आदेश आहे. उत्तरात आठ अक्षरांचा यूपीसी कोड येतो. तो आपल्याकडे ४ दिवस चालतो, त्यामुळे नव्या कंपनीच्या गॅलरीत कधी जाणार हे ठरवूनच एसएमएस करा. शुक्रवारी संध्याकाळी कोड काढून मंगळवारपर्यंत सवड झाली नाही, तर सगळं पुन्हा करावं लागतं.

कोड मागवला की जुन्या कंपनीचे फोन सुरू होतात: सवलत देतो, जादा डेटा देतो. ती सवलत ऐकायला हरकत नाही, पण तुमचा त्रास रेंजचा असेल तर जादा डेटाने काही होत नाही. आणि यूपीसी किंवा ओटीपी फोनवर कुणालाही सांगायचा नाही, समोरचा स्वतःला कंपनीचा माणूस म्हणवत असला तरी.

गॅलरीत आधार आणि कोड द्या. २०२४ पासून कागदी अर्ज बंद झाले, ओळख पटवणं डिजिटलच होतं. तुमचा नंबर मुंबई सर्कलचा असेल तर ३ कामाचे दिवस, पुणे-नाशिकचा म्हणजे महाराष्ट्र सर्कलचा असेल आणि इथल्या कंपनीत येत असेल तर ५ कामाचे दिवस लागतात. मन बदललं तर अर्ज दिल्यापासून २४ तासांच्या आत १९०० वर इंग्रजीत ‘कॅन्सल’ आणि नंबर पाठवून रद्द करता येतं.

पोर्टची तारीख एसएमएसने कळते. बहुधा रात्री, काही तास सेवा जाते. जुन्या सिमवरची रेंज गेली की नवं सिम घाला. त्या दिवशी मोठा व्यवहार, विमानाचं तिकीट, ऑनलाइन परीक्षा असं काही ठेवू नका.

पहिले काही दिवस

नंबर तोच असल्याने आधार, बँक, व्हॉट्सॲप कुठेही कळवावं लागत नाही. यूपीआयची ॲप मात्र सिम बदललेलं ओळखतात आणि पुन्हा पडताळणी मागतात. त्यासाठी फोनमधून एसएमएस जावा लागतो, म्हणून पहिला पॅक एसएमएस असलेलाच घ्या. पहिल्या दिवशी ओटीपी उशिरा येऊ शकतात, खिशात थोडी रोकड ठेवा. वाय-फाय कॉलिंग आणि व्होल्ट नव्या सिमवर पुन्हा चालू करावं लागतं. हे अनेकांच्या ध्यानात येत नाही आणि मग नवी कंपनीही वाईट वाटते.

पोस्टपेडवाल्यांना जुन्या कंपनीचं शेवटचं बिल नंतर येतं. ते नक्की भरा, नाहीतर नव्या कंपनीत गेलेला नंबरही बंद पडू शकतो.

घरातले सगळे नंबर एकाच वेळी हलवू नका. आधी एक जण जाऊ दे, पंधरा दिवस पाहू दे, मग बाकीचे. सगळे गेले तरी एक नंबर दुसऱ्या कंपनीचा राहू द्या. एखाद्या कंपनीचं नेटवर्क संपूर्ण मुंबईत काही तास बंद पडण्याचे प्रसंग येतात, तेव्हा घरात एक तरी फोन लागायला हवा. आणि पोर्ट झाल्याची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून त्यापुढे ९० दिवस मोजून ठेवा. नव्या सिमने यादीतल्या जागांवर निराशा केलीच, तर त्या दिवशी १९०० वर पुन्हा एसएमएस करता येईल.